सायन्स सामानाचं दुकान, बेळगाव: चार स्टार, लेझरला मात्र दोनच

बाजारपेठेतल्या एका बोळात हे दुकान आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, खाली थोडी तक्रारपण आहे आणि काकांशी मला अजून दहा वर्षं तरी व्यवहार करायचाय. बेळगावातल्या सायन्सच्या टीचर लोकांना वर्णनावरून कळेलच.

मी खानापूर तालुक्यात मराठी हायस्कूलला सायन्स शिकवते. यंदा प्रदर्शनात ज्वालामुखी करायचा नाही हे मीच ठरवून टाकलं, दरवर्षी तोच सोडा नि तेच व्हिनेगर, परीक्षकसुद्धा लांबूनच मार्क देऊन पुढं जातात. मग तीन ग्रुप केले, एकाला गुरुत्वीय लहरी (कृष्णविवरांसारख्या जड वस्तू आदळल्या की अवकाशातच उठणारी थरथर), एकाला ग्राफीन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर), एकाला डीएनए. हेडसर म्हणाले दोन हजारात बसवा. शनिवारची सकाळची शाळा सुटली तशी यादी पर्समध्ये टाकून बस धरली.

दुकान म्हणजे काय सांगू, दारात सांगाडा, त्याच्या खांद्यावर कुणाची तरी पिशवी अडकवलेली, आत छतापर्यंत खोकी आणि त्यातून काकांना हवी ती परीक्षानळी न बघता सापडते. एका गिऱ्हाइकाशी कन्नडात, दुसऱ्याशी मराठीत, फोनवर हिंदीत, आणि हिशेब तोंडानं. माझी यादी बघून म्हणाले, "हे सगळं घेऊन काय करूलालासा ओ टीचर?" मी सांगितलं. ऑनलाइनला हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि माझे निम्मे पैसे या प्रश्नामुळं वाचले.

पहिलं ग्राफीन. मी पेन्सिलीचं शिसं लिहिलेलं. काका हसले, "त्यात माती असतीय ओ, पापुद्रे नीट सुटायचे नाहीत." आतून एका डब्यातून चकचकीत पापुद्र्यांचं ग्राफाइट काढलं, उद्यमबागच्या एका फाउंड्रीवाल्यासाठी आणलेलं, चिमूटभर कागदात बांधून दिलं, पैसे नाही घेतले. 2004 मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीनं ग्राफाइट सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा थर वेगळा काढला आणि 2010 ला नोबेल घेतलं, तर आपल्या पोरांनी का नाही सोलायचं? पट्टी लावायची, दुमडायची, उघडायची, असं दहाबारा वेळा. शेवटी काचपट्टीवर फिकट राखाडी ठिपके दिसले आणि पोरं ओरडली "ग्राफीन!" मी म्हटलं थांबा. एक थर फक्त 2.3 टक्के उजेड अडवतो, आपल्या शाळेच्या मायक्रोस्कोपात तो ओळखू येईल याची खात्री कोण देणार, थरांमधलं अंतर 0.335 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात तीसेक लाख थर बसतात. म्हणून पोस्टरवर "ग्राफाइटचे पातळ थर" एवढंच लिहिलं. पोरं थोडी रुसली. पोस्टरच्या कोपऱ्यात आपल्या बेंगळुरूच्या सी. एन. आर. राव यांचा फोटो लावला, नॅनोमटेरियलवर आयुष्यभर काम केलेला भारतरत्न माणूस आपल्याच राज्यात आहे हे निम्म्या पोरांना माहीत नव्हतं.

डीएनएला फार काही लागलं नाही. इथेनॉल मागितलं तर काका म्हणाले परवाना दाखवा, नाहीतर आयसोप्रोपिल घ्या, काम तेच होतंय. ते घेतलं. बाकी जवारी केळं, भांड्याचं लिक्विड साबण, मीठ, चहाची गाळणी, सगळं घरचंच. साबणानं पेशीभोवतीचं चरबीचं आवरण फुटतं, मिठामुळं डीएनए एकत्र यायला मदत होते, वरून फ्रीजमधलं गार आयसोप्रोपिल कडेनं हळू सोडलं की पांढरे चिकट धागे वर येतात. एक पोरगी म्हणाली "शी, शेंबूड!" मग मला सांगायला चान्सच मिळाला की 1869 मध्ये मीशर नावाच्या माणसाला हे पहिल्यांदा सापडलं ते दवाखान्यातल्या बँडेजवरच्या पुवात, म्हणजे शेंबूड त्यामानानं बराच. डीएनएचा एक सुटा दुहेरी धागा दोन नॅनोमीटर रुंद असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो असंख्य धाग्यांचा गुंता, हे मात्र स्पष्ट सांगितलं.

आता लेझर. इथं मी दोनच स्टार दिलेत.

गुरुत्वीय लहरी टेबलावर पकडता येत नाहीत, पण ज्या यंत्रानं त्या पकडल्या त्याचं तत्त्व दाखवता येतं. एक लेझर, मधे तिरकी काच, किरणाचे दोन भाग काटकोनात, दोन्हीकडं आरसे, परत येऊन एकावर एक पडले की भिंतीवर काळ्या-लाल पट्ट्या. लायगोत, म्हणजे अमेरिकेतल्या त्या यंत्रात, हेच, फक्त किरणाचा एकेक मार्ग, त्याला हात म्हणतात, 4 किलोमीटरचा. काका जेवायला गेलेले, काउंटरवर त्यांचा मुलगा, त्यानं साधे आरसे बांधून दिले. घरी लावले तर प्रत्येक आरशातून दोन-दोन ठिपके, एक काचेच्या वरच्या बाजूचा, एक मागच्या मुलाम्याचा. पुढच्या शनिवारी परत गेले तर काका मुलाकडं बघून काही बोलले नाहीत, मला म्हणाले झेरॉक्स मशीनच्या भंगारातले आरसे बघा, त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतोय. साधे आरसे परत घेतले, ते बरं केलं. झेरॉक्सवाल्यानं भंगारातले फुकट दिले.

पण लेझर दोन घेतलेले, त्यातला एक दहा मिनिटांत लुकलुकायला लागला आणि तो काही बदलून मिळाला नाही, "लेझर परत घेत नाही" म्हणून पाटीच आहे म्हणे, मला ती खोक्यांमागं दिसलीच नाही. दुसऱ्यावर पाच मिलिवॅटचं लेबल आहे, मला त्यावर भरवसा वाटला नाही, म्हणून पोरांना ठणकावून सांगितलं की किरण कुणाच्या डोळ्यांवर जाता कामा नये, आरशातूनसुद्धा नाही. काका, लेबल नीट असलेलं सामान ठेवा, हे पोरांच्या हातात जातं.

पट्ट्या मात्र दिसल्या. कडाप्पाची फरशी, खाली सायकलची ट्यूब अर्धी हवा भरून, वर सगळं चिकटवलं, दोन्ही हातांची लांबी जवळजवळ सारखी ठेवली. वर्गाबाहेर बस थांबली की पट्ट्या थरथरायच्या. लाल उजेडाची लहर 650 नॅनोमीटरची, आरसा त्याच्या निम्मा, म्हणजे 325 नॅनोमीटर सरकला तरी एक अख्खी पट्टी पुढं जाते. पोरांना आधी वाटलं बिघडलं, मग ती मुद्दाम उड्या मारून बघायला लागली.

परीक्षकांनी विचारलं, मग लायगोला ट्रक गेल्याचं आणि लहर आल्याचं वेगळं कसं कळतं? नववीतला पोरगा, एरवी मागच्या बाकावर असतो, तो बोलला की म्हणून अमेरिकेत दोन ठिकाणी दोन यंत्रं आहेत, 14 सप्टेंबर 2015 ला लिव्हिंग्स्टनला धक्का आला आणि साधारण 7 मिलिसेकंदांनी हॅनफर्डला तसाच, ट्रक दोन्हीकडं एकाच वेळी कसा जाईल सर? आणि आता तिसरं आपल्याकडं होणार, हिंगोलीत औंढा नागनाथला. परीक्षक पाच मिनिटं तिथंच उभे. नंबर दुसरा आला, पहिला परत ज्वालामुखीलाच गेला, जाऊ दे.

खर्च सतराशेच्या आत बसला, वाया गेलेला लेझर धरून. जाणार असाल तर दुपारी दीड ते चार काका नसतात, त्यावेळी जाऊ नका. यादी द्या पण काय करणार हेपण सांगा. लेझर दुकानातच दहा मिनिटं चालू ठेवून बघा, काका कटकट करतील, करू देत. आणि यूपीआय चालतं पण बोळात रेंज येत नाही, सुट्टे घेऊन जा.