फियाटच्या बंपरची ‘नवी’ ब्रॅकेटं

आमची फियाट ११०० वडिलांनी १९६८ साली घेतली. गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या सिडकोत एका टेम्पोने रिव्हर्स घेताना पुढच्या बंपरला ठोकलं. बंपर वाचला, पण त्याला गाडीशी धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, म्हणजे डावं ब्रॅकेट, मागे दबलं.

द्वारकेजवळच्या एका गॅरेजवाल्याने बघितलं न बघितलं, “काका, सडलंय हे. सरळ करायला गेलो तर तुटेल. अंबडहून नवी जोडी बनवून आणतो,” म्हणाला. साडेसहा हजार मोजले. जुनी मागितली, तर भंगारात गेली म्हणे. तिथेच मला संशय यायला हवा होता.

पंधरा दिवसांत त्र्यंबक रोडला खडखड सुरू झाली. बंपर डावीकडे दोन बोटं उतरलेला. सातपूरला फॅब्रिकेशन करणाऱ्या मित्राकडे ब्रॅकेट काढून काळा रंग खरवडला. खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), लांबीखाली वडिलांनी खूण म्हणून पंचने ठोकलेली दोन टिंबं. आमचंच जुनं ब्रॅकेट! गॅसने लाल करून घणाने ठोकलेलं, वाकाशी पातळ झालेलं, तिथेच बारीक चीर. भोकं जुळेनात म्हणून गॅसनेच मोठी करून वर वायसर वेल्ड केलेले. उजव्याला तर नुसता रंग फासला होता.

खरं नुकसान वेगळंच. ब्रॅकेट वाकडं असताना बोल्ट आवळून बंपर जबरदस्तीने ओढून बसवला, त्यामुळे बोल्टपाशी क्रोम तडकला. त्या फटीतून पाणी शिरलं की खालचा पत्रा गंजतो, आणि मग पूर्ण बंपर उतरवून पुन्हा प्लेटिंग करावं लागतं. जाब विचारायला गेलो, तर “जुन्या गाडीला गॅरंटी कसली?” हातात फक्त कच्ची चिठ्ठी.

मित्राने सांगितलं, चीर नसेल तर असं ब्रॅकेट थंडच, व्हाइसमध्ये (शिकंज्यात) किंवा प्रेसवर थोडंथोडं सरळ करतात. चांगल्या बाजूवरून पुठ्ठ्याचा साचा कापायचा, तो उलटा करून दुसऱ्या बाजूला लावून बघायचा. बसवताना सगळे बोल्ट आधी सैल, दोन्हीकडची फट मोजायची, मगच आवळायचे.

काम समोर उभं राहून करून घ्या. जुना भाग सोडू नका, त्याचा फोटो आणि खूण ठेवा. ‘नव्या’ भागावर साधं चुंबक फिरवा, जाड लांबीवर ते धरत नाही. बिल पक्कं घ्या.

डावं ब्रॅकेट मित्राने तेवढ्याच जाडीच्या पट्टीतून चौदाशे रुपयांत करून दिलं. क्रोमची तडक मात्र तशीच आहे.