आठ नंबर म्हणजे नेमका केवढा? नॉर्थॅम्प्टनशायरचे चार काळे ऑक्सफर्ड

आपल्याकडे बुटाचा नंबर शाळेत असल्यापासून पाठ असतो, आणि भारतात रूढ असलेला तो नंबर मुळात इंग्रजी मापाचाच असल्यामुळे इंग्लंडमध्ये बूट घेताना कोणाला काही विचारण्याची गरज नाही, असा माझाही समज होता. लंडनमधील पहिल्या नोकरीसाठी मी एका दुकानातून आठ नंबरचा काळा ऑक्सफर्ड, म्हणजे नाडीचा औपचारिक बूट, घेतला. विक्रेत्याने पाय मोजला नाही आणि मीही मोजायला सांगितले नाही. दोन आठवड्यांत बूट जिथे मुडपायला हवा त्याच्या बराच मागे मुडपू लागला, टाच पावलागणिक वर सरकू लागली आणि करंगळी मात्र सोलवटली. लांबी जास्त आणि रुंदी कमी, असे दोन्ही दोष एकाच जोडात होते. त्यानंतरच्या काही वर्षांत मी तीन चांगले जोड घेतले आणि चौथा दुकानातील गालिच्यावर दोनदा बराच वेळ चालून पाहिला. हे परीक्षण त्या चारांचे आहे: लोक (Loake) या कंपनीचा ऑल्डविच, चर्च कंपनीचा कॉन्सल, क्रॉकेट अँड जोन्सचा हॅलम आणि एडवर्ड ग्रीनचा चेल्सी.

चारही काळ्या वासराच्या कातड्याचे असून पुढच्या टोकावर आडवी शिवण असलेले, म्हणजे कॅप-टो ऑक्सफर्ड आहेत. ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या भोकांचे दोन पाखे पुढच्या कातड्याच्या खाली शिवलेले असतात, त्यामुळे नाडी बांधल्यावर बूट बंद आणि सपाट दिसतो. डर्बीत तेच पाखे वरून शिवलेले आणि मोकळे असतात. ज्याच्या पायाचा वरचा भाग उंच आहे त्याने डर्बीच घ्यावा, असे मी स्पष्टपणे म्हणेन, कारण अशा पायावर ऑक्सफर्डचे पाखे मिटत नाहीत आणि कितीही महाग बूट असला तरी मधली फट उघडी पडते. नक्षीदार भोकांचे ब्रोग हा वेगळा विषय आहे. ती भोके शोभेची असतात आणि ऑक्सफर्ड व डर्बी दोन्हींवर पाडली जातात, तेव्हा ‘ब्रोग’ आणि ‘ऑक्सफर्ड’ हे परस्परविरोधी प्रकार आहेत ही समजूत चुकीची आहे.

हे सारे कारखाने एकाच परगण्यात, नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये आहेत. चर्च (१८७३), क्रॉकेट अँड जोन्स (१८७९) आणि एडवर्ड ग्रीन (१८९०) हे खुद्द नॉर्थॅम्प्टन शहरातले, तर लोक (१८८०) जवळच्या केटरिंगमधले. गुरांचा बाजार, कातडे कमावण्यासाठी ओक झाडाची साल आणि नेन नदीचे पाणी हे तिन्ही हाताशी असल्याने हा धंदा तिथे रुजला, इतका की शहराच्या फुटबॉल संघाचे टोपणनावही ‘कॉबलर्स’, म्हणजे मोची, असे आहे.

आता बांधणीकडे वळतो, कारण जाहिरातींतील बहुतेक शब्द तिच्याबद्दलच असतात. चारही बूट गुडइयर वेल्ट पद्धतीचे आहेत. ज्यांचे नाव पुढे टायरच्या कंपनीला दिले गेले त्या चार्ल्स गुडइयर यांच्या मुलाने १८७० च्या सुमारास या शिवणयंत्राची पेटंटे मिळवली. पद्धत थोडक्यात अशी: पायाखाली येणाऱ्या चामड्याच्या आतल्या तळाला खालून कापडाची एक उभी कड चिकटवतात, वरचे कातडे लास्टवर, म्हणजे बुटाला आकार देणाऱ्या पायासारख्या साच्यावर (कलबुतावर), ताणून बसवतात, मग ते कातडे, ती कड आणि बुटाभोवती फिरणारी चामड्याची अरुंद पट्टी, जिला वेल्ट म्हणतात, यांना एकत्र शिवतात. मधल्या पोकळीत बुचाचा लगदा भरतात आणि शेवटी बाहेरचा तळ दुसऱ्या शिवणीने फक्त वेल्टला जोडतात. तळ झिजला की ही दुसरी शिवण उसवून नवा तळ लावता येतो आणि वरच्या कातड्याला धक्काही लागत नाही. बुचाचा थर काही आठवड्यांत पायाच्या आकाराने दबतो, म्हणून नव्या बुटात पाय थोडा आवळला जाणे ठीक असते, पण बोटे दबणे कधीच ठीक नसते.

यातून निघणारा निष्कर्ष विक्रेत्यांना फारसा आवडणार नाही. तीनशे पौंडांच्या थोड्या वरचा ऑल्डविच आणि हजार पौंडांच्या वरचा चेल्सी यांच्या मुख्य शिवणीत मूलभूत फरक नाही. दोन्हीकडे ती यंत्रानेच घातली जाते आणि दोन्हीकडे चिकटवलेल्या कडेवरच टिकून असते. आतल्या तळाच्या चामड्यातूनच कड कोरून हाताने वेल्ट शिवणे ही निराळी आणि कितीतरी महाग रीत आहे, आणि ती या चारांपैकी एकातही नाही. मग जादा पैसे कशाचे? कातड्याच्या निवडीचे, तळाच्या कडा घासून बारीक करण्याचे, आणि सर्वांत जास्त लास्टचे.

ऑल्डविच हा लोकच्या ‘१८८०’ मालिकेतला, केटरिंगमध्ये बनणारा बूट आहे. याच कंपनीच्या काही स्वस्त मालिका भारतात बनतात, म्हणून पेटीवरील मालिकेचे नाव वाचून घ्यावे. कातडे थोडे ताठ आहे, मुडपल्यावर वळ्या जाड उमटतात आणि कमानीपाशी बूट जरा ठोकळेबाज वाटतो. पण चवड्याला तो चारही जणांत सर्वांत उदार आहे. लहानपण चपलांत आणि अनवाणी गेलेल्या माझ्या पसरट पायाला पहिल्या दिवसापासून सुखाने वागवणारा हा एकटाच.

कॉन्सल हा जुन्या इंग्रजी कचेरीतला बूट आहे. गोलसर, गंभीर आणि भरभक्कम. १९९९ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने चर्च कंपनी विकत घेतली, आणि आज त्याची किंमत हॅलमच्या बरीच वर गेली आहे. बूट चांगला आहे, पण त्या फरकाचे समर्थन मला बोटाने दाखवता येईना, म्हणून मी तो घेतला नाही.

हॅलम मी आठवड्यातून दोनदा घालतो. तो ३४८ क्रमांकाच्या लास्टवर बनतो. पुढचे टोक लांबट आणि किंचित चौकोनी, टाच अरुंद. पाचशे पौंडांच्या वरच्या या बुटात कातडे लोकपेक्षा उघडपणे बारीक पोताचे आहे आणि पॉलिशला लवकर दाद देते. ज्यांना एवढे टोकदार वळण नको त्यांनी याच कंपनीचा ३३७ लास्टवरचा ऑडली पाहावा. तो ‘हँड ग्रेड’ या वरच्या श्रेणीतला असून त्याला ओकच्या सालीत सावकाश कमावलेल्या चामड्याचा तळ असतो. (कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, झाडे निराळी, कल्पना तीच.) रुंद पायवाल्यांसाठी मात्र ३२५ हा गोल आणि ऐसपैस लास्ट आहे. त्यावरचा पेम्ब्रोक नावाचा ब्रोग डर्बी कचेरीत खपून जातो आणि पावसातही हिंमत सोडत नाही.

चेल्सीबद्दल लिहिताना मला हात आवरता घ्यावा लागतो. नाडीच्या भोकांखालून हंसाच्या मानेसारखी वळत जाणारी ती शिवण, २०२ क्रमांकाच्या लास्टचे ना गोल ना टोकदार असे पुढचे वळण आणि टाचेला घट्ट धरून चवड्याला मोकळे सोडणारी बैठक, हे सारे उजेडात फिरवून पाहण्याजोगे आहे. तो हॅलमच्या दुप्पट चांगला आहे का? नाही. थोडासा चांगला आहे, आणि तो थोडासा भाग फार महाग आहे.

आता मापाचे. इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर. अर्धा नंबर त्याच्या निम्मा. युरोपीय मापात एक नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरचा असतो, म्हणून दोन्हींचे कोष्टक कुठेच नेमके जुळत नाही. अमेरिकेतील आकडा साधारणपणे इंग्रजीपेक्षा एकाने मोठा असतो. याखेरीज रुंदीची अक्षरे आहेत. अक्षर एकाने वाढले की चवड्याचा घेर साधारण ६ मिलिमीटरने वाढतो. क्रॉकेट आणि ग्रीन यांची नेहमीची रुंदी ‘ई’, तर लोक आणि चर्च यांची ‘एफ’ असते. तरीही एकाचा ‘ई’ दुसऱ्याच्या ‘एफ’पेक्षा अमुक इतका अरुंद असेल असा हिशेब मांडता येत नाही, कारण अक्षर त्या त्या कारखान्याच्या लास्टपुरतेच खरे असते. चर्चच्या बुटात ‘७५ एफ’ असे लिहिलेले दिसले तर बुचकळ्यात पडू नये. तो साडेसात नंबर असतो.

माझा हिशेब असा झाला: ऑल्डविच साडेसात एफ, हॅलम आठ ई, चेल्सी साडेसात पण एक अक्षर रुंद. कॉन्सल साडेसातात बसला. अरुंद लास्टमध्ये अर्धा नंबर वाढवून रुंदी मिळवण्याचा मोह सर्वांना होतो, आणि हॅलमच्या बाबतीत मीही त्याला बळी पडलो आहे. टाचेत पातळ गादी घालून तो सावरला, पण पुन्हा घेताना मी रुंद अक्षराची मागणी करून थांबेन. बूट दुपारनंतर, कचेरीतलेच मोजे घालून पाहावा, कारण तोवर पाय थोडा सुजलेला असतो. चवड्याचा हाडाळ उंचवटा बुटाच्या सर्वांत रुंद जागी आला पाहिजे, आणि नव्या ऑक्सफर्डच्या पाख्यांमध्ये बोटाच्या जाडीहून कमी फट राहिली पाहिजे. ती पहिल्याच दिवशी पूर्ण मिटली तर बूच दबल्यावर नाडी आवळायला जागाच उरत नाही.

पुण्या-मुंबईला परतणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. चामड्याचा तळ आपल्या पावसाळ्यात स्पंजासारखा पाणी पितो, म्हणून मार्केट हार्बरोमध्ये बनणारा डेनाइट हा बुटक्या गोल उंचवट्यांचा रबरी तळ मागून घ्यावा. बाजूने पाहिल्यास तो चटकन ओळखूही येत नाही. दुसरे म्हणजे, पर्यटकांना दुकानातील खरेदीवर मिळणारी कराची परतफेड ब्रिटनने २०२० च्या अखेरीस बंद केली आहे, तेव्हा जुन्या प्रवाशांचा सल्ला ऐकून बजेट आखू नये. त्यापेक्षा कारखान्यांच्या स्वतःच्या दुकानांत किरकोळ दोषामुळे बाजूला काढलेले जोड कमी किमतीत मिळतात, ते पाहावेत. माझा ऑल्डविच तसाच घेतलेला आहे. डाव्या बुटाच्या आतल्या बाजूला कातड्यावर तांदळाच्या दाण्याएवढी एक रेघ आहे, आणि ती आजवर माझ्याशिवाय कोणालाही दिसलेली नाही.