चालण्याचं ध्यान : होळीपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

आधी माझं मत सांगतो. बसून ध्यान करताना ज्यांना झोप येते किंवा पाठ धरते, आणि ज्यांचं काम दिवसभर उभ्यानं आहे, त्यांनी चालण्याचं ध्यान नक्की करून पाहावं. अमळनेरला माझं मेडिकल आहे. होळीनंतर सुरुवात केली, आता दिवाळी होऊन गेली. सकाळी मिळालेली शांतता दुकानाचं शटर वर करेपर्यंतच टिकते, हा अनुभव अनेकांना असेल. या पद्धतीत ती कामात उतरते, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी करतो ती पद्धत ब्रह्मदेशातले भिक्षू महासी सयादव (१९०४-१९८२) यांच्या परंपरेतली आहे. १५-२० पावलांची सरळ वाट ठरवायची. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं, याची मनात नोंद ठेवायची: उचल, ने, ठेव. टोकाला थांबायचं, आपण उभे आहोत हे जाणायचं, सावकाश वळायचं आणि परत. हळू चालताना क्षणभर एका पायावर तोल धरावा लागतो. मन दुकानाच्या उधारीत गेलं की शरीर किंचित डुलतं आणि लगेच कळतं. बसून ध्यान करताना मन कधी निघून गेलं हे मला बराच वेळ कळत नसे. इथे पायच सांगतात.

आमच्याकडच्या उन्हाळ्यानं वेळ ठरवून दिली. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. त्यामुळे उजाडायच्या आतच गच्चीवर. आईनं पहिल्या दिवसांत काळजीनं विचारलं, "तुना पाय दुखतस का रे?" आता तीही रात्री जेवणानंतरची शतपावली अशीच करते, फक्त 'उचल-ने-ठेव'ऐवजी विठ्ठलाचं नाव घेते.

आता दुकानाचं. संध्याकाळी दवाखाने सुटले की काउंटरवर चिठ्ठ्यांची रांग लागते. एका चिठ्ठीसाठी रॅकपर्यंत जायचं, इन्शुलिन असेल तर फ्रिजपर्यंत, सिरपसाठी खाली वाकायचं. ही पावलं दिवसभर पडतच असतात, वेगळा वेळ काढावा लागत नाही. तिथे हळू चालणं शक्य नाही. म्हणून नोंदी सोडल्या, चाल नेहमीचीच ठेवली आणि लक्ष फक्त तळव्यांवर. रॅकपाशी पोचलो की ते लक्षही सोडायचं आणि सगळं ध्यान स्ट्रिपवरच्या नावावर व मिलिग्रॅमवर. सारख्या नावांची औषधं खूप असतात, तिथे पायांचा विचार चालणार नाही. हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे आणि औषधं, यंत्रं, वाहनं हाताळणाऱ्या प्रत्येकानं घालून घ्यावा.

फरक बोलण्यात पडला. चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागणाऱ्याला नाही म्हणावंच लागतं, तो चिडतोही. पूर्वी त्याच्या आवाजावर माझा आवाज चढायचा. आता नकार तोच असतो, पण त्याआधी जमिनीवर टेकलेले दोन्ही पाय जाणवतात आणि आवाज खालीच राहतो. रात्री गल्ला मोजायला बसतो तेव्हा खांदे आखडलेले नसतात.

अंगुत्तर निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली ग्रंथात चंक्रमणाचे, म्हणजे येरझाऱ्या घालत केलेल्या साधनेचे, पाच फायदे सांगितले आहेत: लांबचा प्रवास सोसतो, प्रयत्नाला बळ येतं, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं, आणि चालताना साधलेली समाधी बराच काळ टिकते. पाचवा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चालता-चालता मिळालेली स्थिरता पुढच्या हालचालीनं मोडत नाही, एवढं मी स्वतः अनुभवलं.

आमच्या गल्लीतले नाना मुक्ताईच्या पालखीसोबत जातात. कोथळी-मुक्ताईनगरहून पंढरपूर, म्हणजे महिनाभराची पायी वाट. त्यांना माझी पद्धत सांगितली तर म्हणाले, "तोंडमा नाव ऱ्हायनं का पाय आपोआप चालतस." त्यांच्याकडे नाव धरून पाय विसरायचे, माझ्याकडे पायच धरायचे. ज्यांच्या तोंडात नाम रुळलेलं आहे त्यांनी ते मुळीच बदलू नये. रस्त्यावर जाता-येताना व्हिएतनामचे भिक्षू तिक न्यात हान (१९२६-२०२२) यांची रीतही सोपी पडते: एका श्वासात किती पावलं पडतात ते मोजत नेहमीच्या चालीनं चालायचं.

काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. हा व्यायाम नाही. डॉक्टरांनी शुगरसाठी भरभर चालायला सांगितलं असेल तर ते चालूच ठेवा. मधुमेहानं ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी अनवाणी करू नये, विशेषतः तापलेल्या गच्चीवर; चटका बसलेला कळतही नाही. तोल जात असेल तर भिंतीलगतची वाट घ्या. पावसाळ्यात गच्ची शेवाळते, तेव्हा मी ओट्यावर करायचो. वाट निम्मी झाली, वळणं दुप्पट झाली, आणि वळण्यावर लक्ष ठेवायचं खरं तेव्हाच शिकलो.

सुरुवातीला रोज दहा मिनिटं पुरे. सोबत घरातली किंवा कामावरची एकच ठरावीक वाट निवडा, माझी काउंटर ते फ्रिज आहे, आणि महिनाभर तीच ठेवा.