घाटापासून दीड किलोमीटर, पण पल्याड

आम्ही नाशिकचे. रामकुंडावर बाहेरगावच्या माणसाला कोण कसं गाठतं, 'तुमचं लॉज बंद पडलंय' असं सांगून कुठे नेऊन उतरवतात, हे बघतच लहानाचा मोठा झालो. काशीत आपल्याला कोण फसवणार, अशी मला चांगलीच घमेंड होती. डिसेंबर 2024 मध्ये ती उतरली. पैसे डोंगराएवढे गेले नाहीत. पण आई 74 वर्षांची, मावशी तिच्याहून दोन वर्षांनी धाकटी, आणि दोघींची काशी आयुष्यात एकदाच होणार होती. चार दिवसांतला दीड दिवस वाया गेला, त्याचा राग अजून आहे.

खोली बघण्याआधी मोहल्ला ठरवायचा, एवढी अक्कल मला होती. नुसतं 'घाटाजवळ' म्हणून काशीत काहीच कळत नाही. घाट 84 आणि अस्सीपासून राजघाटापर्यंत त्यांची कमान सहा-सात किलोमीटर लांब. अस्सी मोकळं, शांत, रस्ता जवळजवळ घाटापर्यंत जातो. पण तिथून विश्वनाथ लांब, दोन म्हाताऱ्यांना घेऊन रोज ये-जा करायची म्हणजे परीक्षाच. कॅन्टोन्मेंटकडे मोठी हॉटेलं, लिफ्ट, गरम पाणी सगळं आहे, पण तिथे राहून काशीला आल्यासारखंच वाटणार नाही, असं आईचं म्हणणं. तिचा जीव पंचगंगा घाटात अडकलेला. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट ही जुनी मराठी वस्ती. तिथलं बिंदुमाधवाचं मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. तिच्या माहेरची कोणी मंडळी पूर्वी तिथेच उतरत. पण त्या पायऱ्यांचे फोटो दाखवले तेव्हा स्वतःच गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "नको रे बाबा."

उरलं दशाश्वमेध. संध्याकाळची आरती तिथेच, विश्वनाथ चालत. गोदौलियाच्या चौकापुढे मोटार जात नाही, गल्लीत सामान हातात घ्यावं लागतं, हेही वाचलं होतं. एका बुकिंग ॲपवर दशाश्वमेधच्या मागच्या गल्लीतलं एक गेस्ट हाउस सापडलं. खिडक्यांना निळ्या चौकटी, अंगणात तुळस, तळमजल्यावर तीन खाटांची खोली, भाडं रात्रीला 3,200. तळमजला बघूनच मी खूश. नकाशावर तेच नाव शोधलं, तिथे फोन नंबर होता. फोन लावला आणि इथेच माशी शिंकली.

पलीकडचा माणूस बोलायला इतका गोड की विचारू नका. "ॲप से मत कीजिए भाईसाब, कमीशन बहुत काटते हैं। सीधे हमसे लीजिए, चौबीस सौ लगा देंगे।" चार रात्रींचे 9,600, त्यातले 5,000 आगाऊ. खोलीचे फोटो व्हॉट्सॲपवर आले, ॲपवर होते तेच, निळ्या चौकटींसकट. पैसे टाकताना यूपीआयच्या पडद्यावर गेस्ट हाउसचं नाव आलं नाही, एका बाईचं आलं. मी थबकलो, विचारलंही. "मालकिन हैं हमारी," तो म्हणाला. घरच्या बाईच्या नावावर खातं असतंच की, आपल्याकडेही असतं. पाठवले. वर त्याने मागितले म्हणून तिघांच्या आधार कार्डांचे फोटोही पाठवले. आता आठवलं की घाम फुटतो. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत काढता येते, हे मला माहीत होतं, आळस केला.

महानगरी एक्स्प्रेस नाशिकरोडहून पकडली. वाराणसी जंक्शनला, म्हणजे ज्याला तिथले लोक कैंट म्हणतात तिथे, उतरलो तेव्हा पहाटेचा मिट्ट काळोख होता आणि थंडी नाशिकला लाजवेल अशी. बाहेर एक पोरगा माझ्या नावाची चिठ्ठी धरून उभा. नाव चुकीचं लिहिलेलं, तरी आपलं नाव परक्या गावात कागदावर दिसलं की माणूस विरघळतो. त्याने बॅगा उचलल्या, रिक्षात टाकल्या, आईचा हात धरून तिला बसवलं. मावशी म्हणाली, "किती अदबीचा आहे बघ."

मी नकाशा उघडलेला होता. गोदौलिया स्टेशनहून दक्षिणेकडे. रिक्षा पूर्वेकडे निघाली. विचारलं, तर "इधर से जाम नहीं मिलेगा". पहाटे कसला जाम, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मग चढ लागला, दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडा, आणि पायाखालून आगगाडी गेल्याचा धडधडाट. तो मालवीय पूल होता, वर रस्ता आणि खाली रेल्वे असलेला, 1887 सालचा. उजवीकडे पाण्याच्या कडेने दिव्यांची लांबच लांब कमान दिसत होती. तेच सगळे घाट. आम्ही त्यांच्यापासून लांब चाललो होतो.

आईला त्याचं काही नाही. "गंगा आली का रे?" म्हणत तिने बटव्यातून नाणं काढलं, डोळे मिटून पुटपुटली आणि रिक्षातून भिरकावलं. ते कठड्याला लागून रस्त्यावरच पडलं. टण्ण असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आईला नाही आला. ती हात जोडून बसली होती आणि मी त्या पोरावर ओरडायचं की हिला तसंच बसू द्यायचं, या विचारात पूल संपला.

पुलापलीकडच्या जागेला पडाव म्हणतात. तिथून जरा आत, ट्रकांच्या रस्त्याला लागून एक नवीन तिमजली इमारत, भिंतींना अजून चुन्याचा वास. काउंटरवर बसलेला माणूस म्हणजे तोच फोनवरचा आवाज. "गली में पाइप फट गया है, वो वाला बंद है। ये भी अपना ही है, गंगा व्यू है, घाट से डेढ़ किलोमीटर।" मी नकाशा पुढे धरला. त्याने शांतपणे माझ्याच फोनवर बोट ठेवलं आणि आमच्या इमारतीपासून समोरच्या घाटापर्यंत सरळ रेघ ओढली. मध्ये गंगा! ॲपवर 'घाटापासून इतके मीटर' असं लिहिलेलं असतं ना, ते पुष्कळदा असंच कावळ्याच्या वाटेने मोजलेलं असतं. माणसाच्या वाटेने दशाश्वमेध तिथून सहा-सात किलोमीटर, शिवाय तो पूल, ज्याच्यावर दिवसभर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात.

पैसे परत मागितले. "ऑनलाइन गया है, ऑनलाइन ही आएगा, मालकिन से बात करनी पड़ेगी।" उरलेले 4,600 दिल्याशिवाय किल्ली नाही. बाहेर थंडी, आईला बाथरूमला जायचं, मावशी सोफ्यावर टेकून डुलक्या घेतेय. दिले. तुम्ही म्हणाल, द्यायचे नाहीत. पहाटे पाच वाजता दोन म्हाताऱ्यांना घेऊन अनोळखी हमरस्त्यावर उभे राहून बघा. या लोकांना पहाटेची गाडी आणि सोबतची वयस्कर माणसं यांचं गणित पक्कं ठाऊक असतं. माझ्याकडून फोनवर त्याने गाडीचं नाव आणि तिघांची वयं आधीच काढून घेतली होती, 'सेवा के लिए'.

सकाळी गच्चीवर जाऊन 'गंगा व्यू' बघितला. धुकं. डिसेंबरात तिथे सकाळी हाताच्या अंतरावरचं दिसत नाही. मावशी शेजारी येऊन उभी राहिली. तिने कीर्तनात ऐकलेलं सगळं पाठ. म्हणाली, "अरे, ही तर व्यासकाशीची बाजू. अल्याड मेलं तर मोक्ष आणि पल्याड मेलं तर गाढवाचा जन्म." मग माझ्याकडे बघून, "तुझं आपलं आधीच झालंय."

त्या दिवशी पूल ओलांडून मैदागिनपर्यंत पोचायलाच तास गेला. मैदागिन ते गोदौलिया या पट्ट्यात मोटारींना बहुतेक वेळ मज्जाव असतो, तिथून आई चालली, दर शंभर पावलांवर एखाद्या दुकानाच्या फळीवर टेकत. विश्वनाथाचं दर्शन मात्र झालं. आजचं मंदिर अहिल्याबाईंनी 1780 मध्ये बांधलेलं. नव्या आवारात त्यांचा पुतळा आहे, तिथे दोघी इतका वेळ उभ्या राहिल्या की मागचे लोक कुरकुरायला लागले. पण आरती हुकली. संध्याकाळी थांबलो तर परत पुलावर अडकणार, या भीतीने मीच त्यांना चार वाजता बाहेर काढलं. आई काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना खोलीवर ठेवून मी एकटा त्या गल्लीत गेलो. म्हटलं, फुटलेला पाइप तरी बघू. निळ्या चौकटी होत्या, तुळस होती, पाइप धडधाकट होता. मॅनेजर पन्नाशीचे, कानटोपी घातलेले. मी व्हॉट्सॲपवरची चिठ्ठी दाखवल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "ये नंबर हमारा है ही नहीं। इस हफ़्ते आप तीसरे हैं।" नकाशावरच्या नोंदीत कोणीही 'दुरुस्ती सुचवा' म्हणून नंबर पाठवू शकतो, आणि कधीकधी तो तसाच चढतो. दलालाने तेच केलं होतं. नाव यांचं, फोटो यांचे, नंबर त्याचा. मी ज्याला खातरजमा समजलो, म्हणजे ॲपवर बघून नकाशावर पडताळणं, तिथेच सापळा लावलेला होता. ॲपवरूनच निमूट 3,200 भरले असते तर याच तळमजल्यावर उतरलो असतो. वाचवायला गेलो 3,200, कारण चार रात्रींचे आठ-आठशे.

त्यांच्याकडे जागा नव्हती. त्यांनीच फोन करून लक्सा रोडवर एका साध्या लॉजमध्ये सोय लावून दिली, रात्रीला 2,800. लक्सा हे नाव मला तीन आठवड्यांच्या अभ्यासात एकदाही कोणी सुचवलं नव्हतं. ना घाट, ना गल्ली, ना व्यू. पण टोटो, म्हणजे तिथली बॅटरीवरची रिक्षा, थेट दारात येते, लिफ्ट आहे, आणि गोदौलियाचा चौक एक-सव्वा किलोमीटर. दुखऱ्या गुडघ्यांना घेऊन जाणाऱ्याने मोहल्ला निवडताना घाट किती मीटर हे विचारूच नये. टोटो दारापासून किती पावलांवर थांबतो, एवढंच विचारावं. आणि उत्तर देणाऱ्याला म्हणावं, व्हिडिओ कॉल लावून दारातून रस्त्यापर्यंत चालून दाखव. खऱ्या मालकाला यात काही वावगं वाटत नाही, लक्साच्या लॉजवाल्याने मला हसत हसत दाखवलं. आमच्या गोड आवाजवाल्याकडे मी आधी व्हिडिओ मागितला होता तेव्हा त्याचं 'नेटवर्क' नव्हतं.

पडावची खोली सोडताना पैशांवरून पुन्हा वाद झाला. एक रुपया मिळाला नाही. एका पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून विचारलं, "कमरा तो मिला न?" मिळाला होता. या फसवणुकीची खुबी हीच. पैसे घेऊन पळाला असता तर सरळ गुन्हा होता. खोली दिली की तो 'गैरसमज' होतो. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला, त्यांनी तक्रार नीट नोंदवून घेतली, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वेळ, नंबर सगळं विचारलं. पण मी फोन केला पैसे पाठवल्यानंतर नऊ दिवसांनी. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. नऊ दिवसांत ते खातं कधीच रिकामं झालेलं असणार. नाव वेगळं दिसलं त्याच क्षणी थांबायला हवं होतं. पुढे एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंच्या ऑनलाइन बुकिंगमधल्या फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिला. तो वाचून आईला म्हटलं, बघ, मी एकटाच नाही. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी आरती बघितली. होडीत बसून, कारण पायऱ्यांवर जागा नव्हती. आईने पुन्हा नाणं काढलं, या वेळी हात पाण्यात बुडवून सोडलं. मी काही बोललो नाही. पुलावरच्या नाण्याचं तिला अजून माहीत नाही.

गल्लीतल्या मॅनेजरांनी निघताना जुनं छापील कार्ड दिलं होतं, लँडलाइनचा नंबर असलेलं. मी तेव्हाच नकाशावर चुकीच्या नंबरची तक्रार केली, त्यांनीही केली, आणि महिन्याभरात नंबर बदलला. परवा एका मित्राला काशीला जायचं होतं म्हणून सहज ती नोंद उघडली. पुन्हा तिसराच कुठला नंबर. कार्डावरच्या लँडलाइनला फोन लावला. "हाँ साहब, पता है," ते म्हणाले, "फिर से लिख रहे हैं।"