झाकण उघडण्याची साधने : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस जॅमच्या नव्या बाटलीचे झाकण सुरीच्या टोकाने उचकटताना सुरी निसटली आणि माझ्या डाव्या तळहाताला तीन टाके पडले. माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी असलेला सांधा काही वर्षांपासून झिजलेला आहे, त्यामुळे मूठ आवळून पीळ देण्याचे कोणतेही काम मला जड जाते; यजमानांचा खांदा आखडलेला असल्याने त्यांच्याकडे बाटली सोपविण्यातही अर्थ नसतो. मुलगा पुण्याला जाईपर्यंत हे काम त्याच्याकडे होते. टाके निघाले त्याच आठवड्यात मी या कामासाठीची साधने आणण्याचे ठरविले. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत त्यांपैकी तीन साधने मी स्वतःच्या स्वयंपाकघरात नियमित वापरली आणि चौथे शेजारच्या वहिनींकडून पंधरा दिवसांसाठी आणून पाहिले. पुढे लिहिले आहे ते या वापरावरूनच लिहिले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. नवी, न उघडलेली बाटली आणि एकदा उघडून पुन्हा लावलेली बाटली यांची झाकणे सारखीच घट्ट वाटली, तरी त्यांच्या घट्टपणाची कारणे निरनिराळी असतात. हे ध्यानात न आल्यामुळे पहिला महिनाभर मी चुकीच्या बाटलीला चुकीचे साधन लावत होते आणि साधनांना दोष देत होते.

नव्या बाटलीत पदार्थ बहुधा गरम असतानाच भरलेला असतो. वरच्या मोकळ्या जागेत वाफ असते, झाकण लागल्यावर बाटली निवते, वाफेचे पाणी होते आणि आतला दाब उतरतो. मग बाहेरची हवाच झाकण दाबून धरते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवेचा भार दर चौरस सेंटीमीटरला एक किलोपेक्षा किंचित कमी भरतो. सात सेंटीमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ३८ चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे आतला दाब बाहेरच्या निम्म्यावर आला असे धरले तरी त्या झाकणावर १८ किलोंच्या आसपास ओझे बसलेले असते. (मुंबईत भरलेली बाटली कसारा घाट चढून आमच्याकडे आली की हे ओझे थोडे हलके होत असणार, कारण त्याच घाटात वेफर्सची पाकिटे फुगलेली आपण पाहतो, पण अंगठ्याला तो फरक जाणवत नाही.) एवढे ओझे डोक्यावर असताना झाकणाच्या आतला रबरासारखा थर काचेच्या ओठावरून सरकवायचा, म्हणजे जोर लागणारच.

जुन्या बाटलीत असे ओझे नसते. तेथे मधाची किंवा पाकाची साखर आट्यांमध्ये खडे धरून बसलेली असते, लोणच्याच्या मिठाने पत्र्याला गंज चढलेला असतो, किंवा थंडीत तूप थिजून झाकणाला लांबी (पुट्टी) भरल्यासारखे झालेले असते.

आता साधनांकडे वळते. सर्वांत आधी घेतला तो सिलिकॉनचा गोल, खडबडीत तुकडा. तो भांडी बाजारातल्या एका दुकानात मागच्या फळीवर धूळ खात पडला होता. "काकू, याला गिऱ्हाईकच नाही. लोक शेजाऱ्याला हाक मारतात," असे म्हणत दुकानदाराने तो पुसून दिला आणि साठ रुपये घेतले. या तुकड्याने हात घसरत नाही, एवढेच त्याचे काम आहे आणि ते तो चोख करतो. परंतु पीळ देणारी मूठ आपलीच राहते, त्यामुळे ज्याच्या सांध्यात दुखणे आहे त्याला त्याचा उपयोग मर्यादित आहे. भांडी घासण्याचे रबरी हातमोजे घरात असतील तर हा तुकडा घेण्याची गरज नाही. माझा तुकडा आता बाटलीच्या बुडाखाली, ओट्यावर ती फिरू नये म्हणून वापरला जातो, आणि तेथे तो फार उपयोगी आहे.

दुसरे साधन म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराची, आतून दातेरी पोलादी पट्टी. ती फळीच्या खालच्या बाजूस स्क्रूने कायमची बसवायची असते. झाकण त्या निमुळत्या खाचेत सरकवून अडकवायचे आणि दोन्ही हातांनी बाटली धरून ती फिरवायची. झाकण पट्टी धरते, बाटली आपण धरतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे मिळतात आणि अंगठ्याऐवजी दंड व खांदे कामाला लागतात. कल्पना उत्तम आहे, पण आपल्या स्वयंपाकघरात ती बसवायची कोठे, हा प्रश्न खोक्यावरच्या चित्रात सुटलेला नाही. आमचा ओटा ग्रॅनाइटचा आहे, त्याला खालून स्क्रू लावणे शक्य नाही. भांड्यांच्या कपाटाची फळी भुशाच्या दाबलेल्या पाट्याची निघाली. सुतारमिस्त्रींनी पाहताक्षणी सांगितले, "ताई, यात स्क्रू धरणार नाही, दहा बाटल्या उघडाल आणि अकरावीला पट्टी हातात येईल." त्यांचे न ऐकता मी ती तेथेच बसवून घेतली. अकरावी बाटली यायच्या आतच, डिसेंबरमध्ये, दोन स्क्रू भुशासकट बाहेर आले. मग मिस्त्रींनी सागवानाची एक जाड पट्टी फळीखाली आरपार बोल्ट घालून बसविली आणि तिच्यावर हे साधन लावले. तेव्हापासून ते तसूभरही हललेले नाही. साधन तीनशेच्या आतले होते, पण लाकूड आणि मजुरी मिळून त्याच्या दुपटीहून अधिक खर्च आला, हे घेणाऱ्याने आधीच हिशेबात धरावे.

वापरात ही पट्टी जुन्या बाटल्यांसाठी अतुलनीय ठरली. मधाची जी बाटली दिवाळीपासून उघडली गेली नव्हती, ती तिने एका झटक्यात सोडविली. मात्र तिचे दाते झाकणाच्या कडेवर ओरखडे उठवितात. पत्र्यावरचा रंग गेला की तेथे गंज धरतो, आणि पावसाळा सुरू झाल्यापासून माझ्या दोन झाकणांना तो धरलाही आहे. प्लास्टिकच्या झाकणांवर दाते खोल रुततात आणि मऊ प्लास्टिक असेल तर कडा चेपून झाकण लंबगोल होते. लोणच्याच्या बरणीचे एक झाकण मी असेच गमावले. शिवाय बाटली हवेत धरून फिरवायची असल्यामुळे ती सुटताक्षणी पातळ पदार्थ सांडण्याचा संभव असतो. चिंचेच्या चटणीने माझ्या साडीवर याचा पुरावा ठेवला आहे. आता मी बाटली फक्त झाकण सैल होईपर्यंत फिरविते आणि पुढचे काम ओट्यावर करते.

तिसरे साधन म्हणजे झाकण उचलण्याची चावी : दिसायला सर्वांत क्षुल्लक, आणि माझ्या मते सर्वांत गुणी. सोड्याच्या बाटलीचे बूच उडविण्याचा जो ओपनर असतो, त्याचेच हे प्लास्टिकचे, रुंद तोंडाचे भावंड म्हणता येईल. त्याची खालची चोच झाकणाच्या कडेखाली अडकवायची, वरचा भाग झाकणावर टेकवायचा आणि दांडा हलकेच वर उचलायचा. ही साधी तरफ आहे. झाकणाची कडा केसभर उचलली जाते, तेवढ्या फटीतून हवा आत शिरते, "टक्" असा आवाज होतो आणि झाकणाच्या मध्यावरची खोलगट टिकली वर येते. त्यानंतर तेच झाकण माझ्या दुखऱ्या हाताने, दोन बोटांनी फिरते. पहिल्यांदा हे घडले तेव्हा मी यजमानांना बोलावून दुसरी बाटली त्यांच्यासमोर उघडून दाखविली; "अहो, नुसते बघा," एवढेच मी म्हणाले. त्यांनी तिसरी स्वतः उघडली. त्या दिवशी आमच्याकडे जॅम, ऑलिव्ह आणि पास्त्याचा सॉस अशा तीन बाटल्या विनाकारण उघड्या झाल्या आणि पुढचा आठवडा त्या संपविण्यात गेला.

या चावीची गंमत अशी की ती झाकण फिरवीत नाही, त्यावरचे ओझे तेवढे उतरविते. म्हणूनच उघडलेल्या बाटलीवर तिचा काहीही उपयोग होत नाही, आणि पहिल्या महिन्यात मी मधाच्या जुन्या बाटलीवर ती चार वेळा लावून "फसवे साधन" असा शेरा मारून मोकळी झाले होते. तो शेरा मी येथे परत घेते. प्लास्टिकची झाकणे, तसेच काचेला अगदी चिकटून बसलेल्या कडेची झाकणे, ज्यांच्याखाली चोच शिरायला जागाच नसते, तेथेही ती चालत नाही. शिवाय एकाच जागी जोराने उचलले तर कडेला पोचा पडतो. रोजच्या वापराला त्याने बिघडत नाही, परंतु ते झाकण पुन्हा हवाबंद भरणीसाठी वापरू नये. दोन-तीन ठिकाणी थोडे थोडे उचलले तर पोचा पडत नाही, असे मला आढळले.

याचा प्रत्यय हिवाळ्यात आला. सुरगाण्याकडच्या स्ट्रॉबेरी बाजारात आल्या तेव्हा मी जुन्या बाटल्या आणि त्यांची झाकणे उकळून घेऊन गरम जॅम काठोकाठ भरला आणि लगेच झाकणे लावली. नऊपैकी दोन बाटल्यांची टिकली निवल्यावरही आत बसली नाही. पाहिले तर त्या दोन्ही झाकणांना चावीने पोचा पडलेला होता. त्या दोन बाटल्या आम्ही फ्रिजमध्ये ठेवून आधी संपविल्या. विकत आणलेल्या बाटलीची टिकली उघडण्यापूर्वीच वर आलेली असेल तर ती बाटली घरात आणूच नये, हेही यानिमित्ताने लिहून ठेवते.

चौथे साधन बॅटरीवर चालणारे. त्याचे खालचे दोन पंजे बाटली धरतात, वरचे दोन झाकण धरतात आणि कळ दाबली की यंत्र घरघरत स्वतःच झाकण फिरविते. एका हातात बळ नसलेल्या माणसासाठी हे खरोखर वरदान आहे आणि वहिनींच्या सासूबाई पक्षाघातानंतर ते वापरतात. मला मात्र ते अवजड वाटले. एका झाकणाला त्याला बराच वेळ लागतो, फार रुंद तोंडाच्या बरणीवर ते बसतच नाही आणि सेल उतरले की ते पंजे झाकणावर घट्ट आवळलेल्या अवस्थेतच थांबते, मग सेल बदलेपर्यंत बाटली आणि यंत्र दोघेही अडकून पडतात.

घरगुती उपायांचीही या काळात तुलना झाली. झाकणावर गरम पाणी सोडणे हा आमच्या आईपासून चालत आलेला उपाय चांगलाच आहे, पण "पत्रा फुगतो" हे त्याचे नेहमीचे कारण मला पुरेसे वाटत नाही. सहा-सात सेंटीमीटरचे पत्र्याचे झाकण ५० अंशांनी तापले तरी त्याचा व्यास मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाच्या आसपासच वाढतो आणि खालची काचही थोडी तापतेच. खरे काम होते ते आतला थर मऊ पडल्याने, आतली हवा तापून तिचा दाब वाढल्याने आणि आट्यांमधली साखर विरघळल्याने. त्यामुळे मध आणि पाकाच्या बाटल्यांसाठी आजही मी आधी गरम पाण्यात पिळलेले फडके दोन मिनिटे झाकणाभोवती गुंडाळते आणि मगच दातेरी पट्टीकडे जाते. जानेवारीत, पारा दहाच्या खाली उतरला होता तेव्हा, तुपाची बरणी केवळ या फडक्यानेच उघडली. फ्रिजमधून काढलेल्या काचेवर उकळते पाणी मात्र कधीही ओतू नये, काच तडकते.

सहसा कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट मला या आठ महिन्यांत सर्वांत मोलाची वाटली : बाटली बंद करण्यापूर्वी तिचा ओठ आणि आटे ओल्या फडक्याने पुसून घेणे. फेब्रुवारीपासून मी हे नेमाने करते आहे आणि तेव्हापासून दातेरी पट्टीचे काम निम्म्याहून कमी झाले आहे. लोणच्यासाठी तर मी पुन्हा चिनीमातीच्या बरणीकडे वळले आहे. तिच्या तोंडाला बांधलेले फडके, म्हणजे दादरा, सोडायला कोणतेही साधन लागत नाही.

नव्याने घेणाऱ्याला माझे सांगणे एवढेच, की दीड-दोनशे रुपयांची चावी आधी घ्यावी, महिनाभर वापरावी आणि जुन्या बाटल्यांचा त्रास उरलाच तर दातेरी पट्टीचा विचार करावा, तोही घरात तिला धरील असे लाकूड असेल तर. चावी घेताना दांडा किमान वीतभर लांब आहे ना, हे पाहावे. सिन्नरच्या बहिणीसाठी मी आखूड दांड्याची स्वस्त चावी घेतली होती, ती उचलायला इतका जोर लागला की तिने ती परत पाठविली. तिच्यासाठी दुसरी मागविली आहे. माझ्या स्वतःच्या चावीच्या चोचेची एक बाजू मे महिन्यात, मुरांब्याच्या बाटलीवर, थोडी चिरली. अजून चालते, पण पत्र्याची चोच असलेली मिळाली तर पुढच्या वेळी तीच घेणार आहे.