बेळगाव भागात बायकांसाठीच्या सरकारी सेवा: कुठं जायचं, कोण मदत करतं, कुठं अडतं

घरात कोण गरोदर आहे, बाळ लहान आहे, किंवा घरात मारहाण चाललीय आणि कुठं जायचं तेच कळत नाही, अशांसाठी हे लिहितेय. आमच्या धाकट्या जाऊचं बाळंतपण आणि ओळखीतल्या एकीचं घरातलं प्रकरण, दोन्हीत मी सोबत फिरले, त्यातनं जे कळलं ते सांगते. सेवा आहेत, बऱ्याच फुकट आहेत आणि एकदा मिळाल्या की चांगल्या आहेत, पण बोर्ड वाचून त्या सापडत नाहीत, कोणतरी हाताला धरून न्यावं लागतं. म्हणून अंगणवाडी टीचर आणि आशाताईंना 5 पैकी 5, डॉक्टर आणि सिस्टर लोकांना 4, आणि खिडक्या, बोर्ड, फॉर्म यांना 2.

बऱ्याच जणी आधी मोबाईलवर शोधतात आणि वर प्रायव्हेट दवाखान्यांच्या जाहिराती येतात, नाहीतर जुने नंबर. ते सोडा. गल्लीतल्या अंगणवाडीत जा. तिसरा महिना लागायच्या आतच जा, लाज वाटते म्हणून पाचव्या महिन्यापर्यंत थांबू नका. टीचर नाव लिहून घेतात, आशाताईंना सांगतात, मग सिस्टर येऊन तायी कार्ड, म्हणजे आईचं कार्ड, करून देतात. हे कार्ड म्हणजे सगळ्याचं मूळ, त्यावरच्या नंबराशिवाय पुढं काहीच हलत नाही. 2017 पासून कर्नाटकात मातृपूर्ण योजना आहे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण, अंडं, दूध मिळतं. आमच्याकडं सासवांना वाटतं सून अंगणवाडीत जाऊन जेवली तर लोक काय म्हणतील. काही म्हणत नाहीत ओ. माझी जाऊ रोज गेली, तिथं आणखी चार जणी भेटल्या, बोलून बोलून तिची अर्धी भीती तिथंच गेली, मला तर जेवणापेक्षा तेच मोठं वाटलं.

पैशाचं पण तिथंच विचारा. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000 रुपये दोन हप्त्यात, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर 6000 मिळतात, फॉर्म अंगणवाडी नाहीतर आशाताईंकडनं भरला जातो आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. इथं आपल्या भागातली एक अडचण आहे ती नीट ऐका. माहेर चंदगडला नाहीतर गडहिंग्लजला, सासर बेळगाव तालुक्यात, आधार अजून माहेरच्या पत्त्याचं, रेशन कार्डावर नाव चढलेलं नाही, बँक खातं कॉलेजातलं तिकडचंच. अशा पोरी आपल्याकडं घरोघर आहेत. मग तिकडं लाडकी बहीण मिळत नाही कारण राहते कर्नाटकात, आणि इकडं कागदावर ती अजून महाराष्ट्रातलीच, दोन्हीकडनं नाही. शक्ती योजनेच्या, म्हणजे बायकांना फुकट असलेल्या, कर्नाटकाच्या बसला सुद्धा कंडक्टर कर्नाटकातला पत्ता असलेलं कार्डच मागतो. लग्न झालं की हळदीचा रंग जायच्या आत आधारचा पत्ता आणि रेशन कार्डाचं काम करून घ्या, बाळंतपण जवळ आल्यावर त्या रांगेत पोट घेऊन उभं राहायला लागू नये.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे, त्याला माझं काही म्हणणं नाही, पण तायी कार्ड आणि सगळे रिपोर्ट बरोबर द्या. बाळ जिथं जन्मतं तिथंच जन्माची नोंद होते, 21 दिवसांच्या आत केली तर फी नाही, आणि नंतर दाखल्यासाठी बॉर्डर ओलांडून परत परत जायचं नसेल तर निघतानाच दाखला घेऊन या. लसी मात्र कुठल्याही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तिकडचं लसीचं कार्ड इकडं दाखवलं की पुढची लस देतात. निपाणीकडच्या बायका बेळगावला यायच्या ऐवजी कोल्हापूरला सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात जातात, जवळ पडतं म्हणून, बरोबरच आहे, फक्त जायच्या आधी आपलं कार्ड तिथं चालतंय का फोन करून विचारा, कारण उपचाराच्या योजना दोन, आपलं आरोग्य कर्नाटक वेगळं आणि महाराष्ट्राची महात्मा फुले योजना वेगळी.

आता दवाखाना. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, 2016 पासून चालू आहे, त्या दिवशी बाळंतपणाचे डॉक्टर बघतात. गर्दी असते, सकाळी लवकर जा, डबा आणि पाणी घेऊन जा. डिलिव्हरी सरकारी दवाखान्यात झाली तर औषध, तपासण्या, रक्त, सिझर, जेवण कशालाच पैसे नाहीत, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण द्यायचं असा 2011 पासूनचा नियम आहे. कोणी पैसे मागितले तर पावती मागा. खेड्यातल्या सिस्टरला काय कळतंय म्हणणाऱ्यांना मी एक सांगते. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या 1620 बायकांचा अभ्यास 2006 साली लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नियतकालिकात आला, बाळंतपणानंतर रक्तस्राव रोखायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या त्या बायकांत जास्त रक्तस्राव 6.4 टक्के, आणि औषध नसलेली गोळी दिली त्यांच्यात 12 टक्के. त्या गोळ्या कोणी दिल्या? खेड्यातल्या नर्सबाईंनीच. म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवते आणि तुम्ही पण ठेवा.

पण एक गोष्ट मनाला लागली ती लिहिणारच. एका सरकारी दवाखान्यात, नाव घेत नाही, सगळे बोर्ड कन्नडमध्ये, चिठ्ठीच्या खिडकीवर विचारलं तर "मुंदे होग्री", म्हणजे पुढं जा, पुढच्या खिडकीवर परत तेच. मला कन्नड येतं, मी निभावून नेलं, पण शेजारी जांबोटीकडनं आलेली एक आजी लेकीचे रिपोर्ट हातात धरून नुसती उभी होती, कोणीतरी बघेल म्हणून. शेवटी मीच तिला आत नेलं. आतल्या डॉक्टरबाई तिच्याशी मोडकंतोडकं का होईना मराठीत बोलल्या, हात धरून बोलल्या. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथं त्यांच्या भाषेत सूचना द्यायच्या ही तरतूद जुनीच आहे. खिडकीवर एक कागद चिकटवा, चिठ्ठी इथं, रक्त तिथं, पैसे लागत नाहीत, एवढंच मराठीत. कन्नड काढा असं कोणीच म्हणत नाही.

ॲम्ब्युलन्सला 108. कणकुंबी, जांबोटीकडच्यांनी, बॉर्डरच्या गावांनी लक्षात ठेवा, मोबाईलला कधी गोव्याचा, कधी महाराष्ट्राचा टॉवर लागतो आणि फोन भलतीकडं जाऊ शकतो, म्हणून फोन उचलल्या उचलल्या आधी राज्य, जिल्हा, तालुका सांगा आणि मगच बाकीचं. भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावात पावसात गाडी दारात येतच नाही, माणसाला खांद्यावरनं आणावं लागतं. तिथल्या पोरींना शेवटच्या महिन्यात खानापुरात पाहुण्यांकडं आणून ठेवतात, मला तरी सध्या दुसरा मार्ग दिसत नाही, आणि ह्याचा मला राग आहे.

मारहाणीचं प्रकरण असेल तर 181 ह्या बायकांच्या हेल्पलाइनला फोन करा, रात्री पण लागतो. सखी वन स्टॉप सेंटर ही योजना 2015 ची, एकाच जागी दवाखान्याची मदत, पोलिसांची, वकिलाची, आणि पाच दिवसांपर्यंत राहायची सोय. आधी एफआयआर केलीच पाहिजे असं काही नाही, ही भीती फार जणींना असते. आमच्या ओळखीतली बाई तिथं चार तास नुसती रडली, समोरच्या ताईंनी एकदाही घाई केली नाही, घरच्यांना फोन लावू का असं सुद्धा तिला विचारून मगच लावला. तालुक्याला सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं, ऑफिस असतं, बहुतेकांना ते अंगणवाडीचं ऑफिस म्हणून माहीत, पण 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली कर्नाटकात सीडीपीओच संरक्षण अधिकारी असतात, तिथं अर्ज देता येतो. वकील फुकट मिळतो, बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, नंबर 15100. लहान मुलाचं काही असेल तर 1098.

आणि बाळंतपणानंतरचं, ज्यावर कोणीच बोलत नाही. जाऊ घरी आली, बाळ छान, सगळे खूश, आणि ती रोज संध्याकाळी रडायची, बाळाला घ्यायला नको म्हणायची. आत्याबाई म्हणाल्या नजर लागली, मिरच्या ओवाळल्या. आशाताई बाळाचं वजन करायला आल्या होत्या, त्यांनी बघितलं आणि टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायचा, 14416 नंबर दिला, 2022 ला सुरू झालेली फुकट सेवा आहे, भाषा निवडता येते, मराठी पण आहे. ती पलीकडच्या खोलीत दार लावून बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही. मग डॉक्टरांकडं नेलं, औषध चालू झालं, अंगावर पाजत पण राहिली. आता अंगणवाडीत कोण नवीन गरोदर आली की जाऊच तिला हा नंबर लिहून देते, आणि भिंतीवर मराठीत चिकटवायला टीचरनी परवानगी पण दिलीय.