जुन्या घराचं वायरिंग आणि डीबी (विजेच्या खटक्यांचा मुख्य बोर्ड) बदलून दहा महिने झाले, त्याचा अनुभव

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतलं आमचं घर आजोबांच्या काळातलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागं परडं. जानेवारीत फरशी आणि न्हाणीघराचं काम काढलं तेव्हा ‘फोडाफोडी चाललीच आहे तर वायरिंगपण उरकून घेऊ’ असं ठरलं. फरशी दहा दिवसांत झाली. वायरिंगला पाच आठवडे लागले.

आधीची अवस्था सांगतो. लाकडी पट्टीवरनं गेलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी, काळे बेकलाइटचे स्विच, जिन्याखाली लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. त्यातल्या एका फ्यूजमध्ये कुणीतरी (आमचा संशय आबांवर) एवढी जाड तार घातलेली की तो वीस वर्षांत एकदाही उडाला नव्हता. आम्ही ते कौतुकानं सांगायचो. पट्टी उचकटल्यावर त्याच्या मागची वायर हातभर काळी पडलेली निघाली, वरचं आवरण चिमटीत भुगा होत होतं. ॲल्युमिनियम तापलं की फुगतं, निवलं की आकसतं आणि स्क्रूखाली हळूहळू सैल पडतं. सैल जोड आणखी तापतो. थ्री-पिन सॉकेट होते, पण तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकामागं वायरच नव्हती.

आता दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, सॉकेटला २.५, गिझर आणि एसीला ४ आणि मीटरपासून डीबीपर्यंत १० ची वायर आहे, सगळी तांब्याची. ब्रँड निवडण्यात मी आठवडा घालवला, तो वाया गेला. आयएसआय मार्कची सीलबंद ९० मीटरची कॉईल पक्क्या बिलावर घ्यायची, विषय संपला. एमसीबीच्या (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) बाबतीत मात्र हटून बसा. स्वयंपाकघरात इंडक्शन आणि ओव्हन एकाच लाइनवर लावले की १६ अँपिअरचा खटका पडायचा. वायरमन म्हणाला, ३२ चा टाकतो. म्हणजे परत आबांचाच फ्यूज! एमसीबी यंत्रासाठी नसतो, मागच्या वायरीसाठी असतो. २.५ च्या वायरीला १६ च ठेवला आणि ओव्हनसाठी वेगळी लाइन ओढून घेतली.

आता आरसीसीबी, ज्यानं पहिले दोन महिने आमचं डोकं उठवलं. डीबीतला हा खटका फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की लाइट तोडतो, कारण तेवढा करंट दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं जमिनीत चाललाय, आणि ती वाट माणूसही असू शकतो. पहिल्याच दिवशी इन्व्हर्टरवरचा दिवा लावला की अख्खं घर अंधारात. चार वेळा तसं झाल्यावर वायरमन शांतपणे म्हणाला, “आरसीसीबी बाजूला काढतो की ओ दादा, पैलं कुठं होता?”

चूक त्याचीच होती. इन्व्हर्टरला सप्लाय आरसीसीबीच्या आधीपासून घेतलेला आणि दिव्यांचा न्यूट्रल मात्र आरसीसीबीच्या पुढच्या पट्टीवर जोडलेला. म्हणजे करंट एका दारानं गेला आणि भलत्याच दारानं परत आला. मी हे कागदावर काढून दाखवलं तर म्हणतो, “न्यूट्रल ते न्यूट्रलच, कुठनंबी घेतला तर काय फरक पडतोय?” जुन्या फ्यूजच्या घरात खरंच पडत नव्हता, म्हणून सवय. शेवटी दुसरा, लायसन्सवाला माणूस बोलावला. त्यानं इन्व्हर्टरच्या दिव्यांचा न्यूट्रल वेगळ्या पट्टीवर घेतला, मेगरनं (वायरीचं आवरण कुठं गळतंय का ते मोजणारं मीटर) एकेक लाइन तपासली आणि दीड दिवसात भानगड मिटवली. काम देतानाच विचारा: इन्व्हर्टरचा न्यूट्रल वेगळा ठेवणार का, आणि मेगर आहे का?

तरीही खटका पडायचाच, रोज सकाळी सातच्या सुमाराला. ती आईच्या आंघोळीची वेळ. गिझर सुरू केल्यावर पाचेक मिनिटांनी खटाक. गिझरच्या एलिमेंटमधनं करंट गळत होता. आई सहज बोलून गेली, “नळाला झिणझिण्या यायच्याच की, म्हणून मी बटण बंद करूनच पाणी घेते.” किती वर्षं? तिलाही आठवेना. आम्हाला वाटायचं, वीज वाचवते. एलिमेंट त्याच दिवशी बदललं.

तिसरा प्रसंग मे महिन्यातला. दोन दिवस गडहिंग्लजला लग्नाला गेलो, इकडं वळवाचा पाऊस झाला, परड्यातल्या सॉकेटमध्ये पाणी गेलं, खटका पडला आणि फ्रीज बंद. आल्यावर दारातच वास आला. दोन किलो मटण परड्यात पुरलं. यात आरसीसीबीचा दोष नाही, सगळ्या घराला एकच बसवला हा माझा दोष. आता दोन आहेत: न्हाणीघर आणि परडं एकावर, बाकीचं घर दुसऱ्यावर. बाहेरच्या सॉकेटला झाकणवाला वेदरप्रूफ बॉक्स. गणपतीत जुनं तोरण लावल्यावर परत पडला, तेव्हा मात्र कुणी कुरकुर केली नाही, तोरण टाकून दिलं. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबतो.

अर्थिंगसाठी परड्यात अडीच मीटरचा जीआय पाईप, कोळसा-मीठ घालून. उन्हाळ्यात जमीन सुकली की त्यात बादलीभर पाणी ओततो.

पुराचं थोडं. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा खालच्या मजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर बोर्ड उघडले तर आत काळा गाळ. म्हणून यावेळी खालचे सगळे सॉकेट साडेचार फुटांवर घेतले, वायरींचे पाईप जमिनीतून न नेता स्लॅबखालून खाली उतरवले आणि डीबी जिन्याच्या वळणावर टांगला. खालच्या मजल्याला वेगळा आयसोलेटर (हातानं बंद करायचा मेन स्विच) आहे, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की तो पाडायचा, असं घरात ठरलंय. दिसायला वाईट दिसतं, हे कबूल. मोबाईलच्या चार्जरची वायर भिंतीवर लोंबकळते, पाहुणा आला की “बोर्ड एवढे वर का ओ?” विचारतोच. पेठेतला असेल तर नाही विचारत.

पस्तावा एकाच गोष्टीचा. गिलावा करण्याआधी भिंतीतल्या पाईपांचे फोटो काढले नाहीत. ऑगस्टमध्ये देव्हाऱ्यासाठी खिळा ठोकला तो थेट पाईपात. वायर वाचली, पण आता हॉलमध्ये भिंतीला हात लावायचा तर आधी चर्चा होते.

खर्च मजुरीसकट १ लाख ३८ हजार, त्यात दुसऱ्या माणसाचे ९ हजार आले. मंजूर भार वाढवायचा अर्ज अजून राहिलाय, त्याला लायसन्सवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि पहिला वायरमन फोन उचलत नाही. दुसरा देतो म्हणालाय, दिवाळीनंतर.